मिरजगावची वाट आणि मालमोटारींचे दिवस

नगरहून सोलापूरकडे जाणारा रस्ता रुईछत्तिशी, घोगरगाव ही गावे मागे टाकून कर्जत तालुक्यात शिरतो, तेव्हा दोन्ही बाजूंचा मुलूख एकदम उघडा होतो. डोंगर नाही, दाट झाडी नाही. ज्वारीची, तुरीची, कांद्याची रानेच रस्त्याच्या सोबतीला असतात, आणि जिथे विहिरीला पाणी आहे तिथे लिंबाची एखादी बाग. पावसाचा भरवसा या भागाला कधीच नव्हता. सीना नदी जवळून वाहते खरी, परंतु तिचे पात्र वर्षाचे बरेच महिने कोरडेच असते. नगर सोडल्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर मिरजगाव लागते. पुढे माहीजळगाव, करमाळा, टेंभुर्णी आणि मग सोलापूर. महामार्गावरून वेगाने जाणाऱ्या प्रवाशाला हे एक चहापाण्याचे गाव वाटते. व्यापारी कुटुंबांच्या आणि जैन समाजाच्या स्मरणात मात्र या गावाचे स्थान निराळे आहे.

मिरजगावचे वैशिष्ट्य समजून घ्यायचे तर रेल्वेचा नकाशा पाहावा लागतो. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1859 मध्ये बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, आणि पुढच्या वर्षी सोलापूरला पोहोचला. नगरवरून जाणारा दौंड-मनमाड मार्ग 1878 मध्ये सुरू झाला. या दोन मार्गांच्या मधोमध जो कोरडवाहू टापू राहिला, त्यात मिरजगाव आहे. आगगाडी उत्तरेला नगरला थांबे किंवा दक्षिणेला भीमेपलीकडून निघून जाई. मिरजगावच्या वाट्याला तिची शिटीसुद्धा आली नाही. त्यामुळे इथले धान्य बाहेर न्यायचे आणि मीठ, साखर, कापड, रॉकेल आत आणायचे, ते चाकावरच. पूर्वेला थोड्या अंतरावर निजामाच्या राज्यातील आष्टीचा मुलूख सुरू होई. सरहद्द ओलांडणाऱ्या मालावर तिकडे करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. दोन राज्यांच्या हद्दीजवळचे हे गाव आपोआपच बाजाराचे ठिकाण झाले.

बैलगाडीच्या काळात या वाहतुकीची सूत्रे हुंडेकऱ्याच्या हाती असत. हा जुना मराठी शब्द आता केवळ आडनावातून ऐकू येतो. वाटेतील सर्व जकाती, नाकी आणि भाडे यांची एकठोक रक्कम ठरवून माल मुक्कामी पोहोचवण्याची हमी जो घेई, तो हुंडेकरी. भरलेली गाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चाले. नगरची पेठ गाठायची तर वाटेत दोन मुक्काम ठरलेले असत. बैलांना वैरण-पाणी, गाडीच्या आखाला वंगण आणि रात्री मालावर जागता पहारा, इतके झाले की दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जुंपणी.

अशा काळात, 7 डिसेंबर 1913 रोजी, मार्गशीर्ष शुद्ध नवमीला, मिरजगावात एक घटना घडली. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी गावच्या गुगळे कुटुंबातील तेरा वर्षांच्या नेमिचंद या मुलाने पूज्य रत्नऋषीजी महाराजांकडून येथे दीक्षा घेतली. हेच पुढे आचार्य आनंदऋषीजी महाराज झाले. 1964 मध्ये श्रमण संघाचे आचार्यपद त्यांच्याकडे आले आणि 28 मार्च 1992 रोजी नगर येथे त्यांचे देवलोकगमन झाले. दीक्षेपासून त्या दिवसापर्यंत अठ्ठ्याहत्तर वर्षे होतात. या अठ्ठ्याहत्तर वर्षांत जगाने बैलगाडीवरून मोटारीत आणि मोटारीतून विमानात उडी घेतली. आचार्यांनी मात्र श्रमणाच्या आचाराप्रमाणे महाराष्ट्रापासून राजस्थान-पंजाबपर्यंतचा विहार पायीच केला. ज्या गावाचे पोट चाकावर अवलंबून, त्याच गावातून चाकाचा आजन्म त्याग करून एक मुलगा चालू लागला. मिरजगावच्या रस्त्याचा विचार करताना ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही.

चाकाविषयी शास्त्राचे म्हणणेही व्यापारी कुटुंबांना ठाऊक असते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत साडीकर्म आणि भाडीकर्म यांची नावे आहेत. साडीकर्म म्हणजे गाड्या तयार करून, विकून किंवा हाकून मिळवलेली उपजीविका. भाडीकर्म म्हणजे गाड्या व जनावरे भाड्याने लावून मिळवलेली. पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभार’ आहे: मुक्या जिवावर त्याच्या शक्तीपलीकडे ओझे लादणे. दुसरीकडे, उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक व्रत घेतो तेव्हा दूरच्या प्रवासासाठी पाचशे आणि मालाच्या ने-आणीसाठी पाचशे, एवढ्याच गाड्यांची मर्यादा स्वतःला घालून घेतो. म्हणजे गृहस्थाच्या जीवनात चाक आहे, पण त्याला मोजमाप आहे. मालाची गाडी आणि तिच्यावरचे ओझे हा प्रश्न जैन व्यापाऱ्यापुढे पहिल्यापासून धर्माचाही प्रश्न राहिला आहे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या फोर्ड, शेवरले, डॉज गाड्या लिलावात निघू लागल्या आणि देशभर अनेकांचा मालवाहतुकीचा धंदा अशाच एखाद्या जुन्या गाडीवर सुरू झाला. नगर तर लष्कराचेच ठाणे. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली. प्रवासी वाहतूक हळूहळू सरकारकडे गेली तशी खासगी मोटारमालकांना मालाची वाहतूकच मोकळी राहिली. त्याच वर्षी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि आष्टीकडच्या वाटेवरची सरहद्द पुसली गेली.

याच रस्त्याच्या दोन टोकांना दोन जैन घराण्यांनी भारतीय मोटारउद्योगाच्या इतिहासात आपले नाव कोरले, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. सोलापूरच्या टोकाला वालचंद हिराचंद दोशी. 1882 मध्ये सोलापुरात जन्मलेल्या या उद्योजकाने 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. 1947 पासून मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात डॉज गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, आणि पुढे पर्किन्सच्या डिझेल इंजिनाच्या डॉज-फार्गो मालमोटारी गावोगावी दिसू लागल्या. नगरच्या टोकाला फिरोदिया घराणे. स्वातंत्र्यसैनिक कुंदनमल शोभाचंद फिरोदिया हे 1946 ते 1952 या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे पुत्र नवलमल यांच्या पुढाकाराने 1958 मध्ये बजाज टेंपो ही कंपनी सुरू झाली. तिच्या तीनचाकी गाडीचे ‘टेंपो’ हे नाव इतके रुळले, की आज मराठीत कोणत्याही लहान मालगाडीला टेंपोच म्हणतात. मॅटाडोरचेही तसेच झाले.

मालमोटारींच्या धंद्यावर खरे राज्य केले ते मात्र टाटांच्या गाडीने. जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार होऊन 1954 मध्ये जमशेदपूरच्या कारखान्यातून पहिली मालमोटार बाहेर पडली. 1969 मध्ये करार संपेपर्यंत तिच्या लांब नाकावर तीन टोकांचा तारा झळके आणि लोक तिला ‘मर्सिडीज’ म्हणत. त्यानंतर ताऱ्याची जागा ‘टी’ या अक्षराने घेतली, तरी जुन्या मालकांच्या तोंडी मर्सिडीज हे नाव पुढे कितीतरी वर्षे राहिले. पुढच्या काळात घरोघर झालेल्या ‘बारा-दहा’ या मॉडेलच्या नावातच तिची कुंडली होती: माल धरून एकूण वजन बारा टन आणि ताकद सुमारे शंभर अश्वशक्ती.

त्या काळी गाडी विकत घेणे म्हणजे चेसी, नुसता सांगाडा, विकत घेणे. इंजिन, चाके, सुकाणू आणि पुढचा पत्रा, एवढेच कारखाना देई. चालक एखाद्या फळीवर किंवा खोक्यावर बसून, तोंडाला फडके गुंडाळून, डोळ्यांना गॉगल लावून तो सांगाडा शेकडो मैल हाकत गावी आणी. मग सुतार आणि लोहार यांचे काम सुरू होई. केबिन लाकडाची, हौद्याच्या फळ्या लाकडाच्या, मागे साखळीने बांधलेला फाळका, आणि टपावर ताडपत्री, दोर व चालकाचा शिधा ठेवण्याची जागा. शेवटी रंगारी येई. कपाळपट्टीवर मालकाच्या कुलदैवताचे, गुरूंचे किंवा मुलीचे नाव, दोन्ही बाजूंना मोर किंवा कमळ, आणि मागे हॉर्न वाजवण्याची ती सुप्रसिद्ध विनंती. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये तिच्यावर बंदी घातली, पण तोवर तिने दोन पिढ्यांना इंग्रजी अक्षरे शिकवली होती. खंडेनवमीला गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून ओळीने उभ्या केल्या, की बाजारपेठेला जत्रेची कळा येई.

या जुन्या गाड्या चालवणे हे अंगमेहनतीचे काम होते. थंडीच्या पहाटे इंजिन उठायला तयार नसे. सुकाणू इतके जड, की वळण घेताना चालकाचे खांदे भरून येत. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे, आणि चढावर इंजिन तापले की किन्नर पाण्याचा डबा घेऊन विहीर शोधत धावे. किन्नर म्हणजे क्लीनर. चढावर गाडी थांबली तर चाकामागे दगड लावणे, रात्री मालावर झोपणे, पंक्चर काढणे आणि एवढे करून शिव्या खाणे हे त्याचे विद्यार्थिदशेतील अभ्यासक्रम. त्यातूनच पुढे चालक तयार होई. केबिनच्या काचेआड शेजारीशेजारी वेगवेगळ्या देवांच्या तसबिरी असत आणि चालक, किन्नर, हमाल यांच्यात जातिधर्माच्या भिंती रस्त्यावर तरी फारशा उरत नसत.

माल गाडीत चढला म्हणजे व्यवहार पुरा झाला असे नव्हे. खरा व्यवहार कागदावर होता. माल भरून झाल्यावर वाहतूकदार बिल्टी फाडत असे. पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, नगांची संख्या, वजन, भाडे दिलेले की द्यायचे, एवढा मजकूर असलेला हा कागद प्रत्यक्ष मालाइतकाच मोलाचा. मिरजगावसारख्या गावचा आडतदार ज्वारी दूरच्या पेठेत पाठवी तेव्हा समोरच्या व्यापाऱ्याला त्याने आयुष्यात पाहिलेलेही नसे. तो हुंडी आणि बिल्टी बँकेत देई. बँक ती घेणाऱ्याच्या गावच्या शाखेकडे पाठवी. तिथे पैसे भरल्यावरच बिल्टी सुटे आणि बिल्टी दाखवल्यावरच माल सुटे. म्हणूनच बँका वाटेल त्या वाहतूकदाराची बिल्टी स्वीकारत नसत. इंडियन बँक्स असोसिएशनच्या मान्य यादीत त्याचे नाव आहे की नाही हे आधी पाहिले जाई. खोट्या वजनाची एक बिल्टी निघाली, की वाहतूकदाराची अनेक वर्षांची पत एका दिवसात जाई.

19 जुलै 1969 रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर लहान वाहतूकदारांना प्राधान्य क्षेत्रात स्थान मिळाले. तोवर गाडीसाठी पैसा सावकाराकडून किंवा भाडेखरेदीच्या कंपनीकडून येई. आता एक-दोन गाड्यांचा मालकही बँकेची पायरी चढू लागला. गाडी बँकेकडे नजरगहाण, आरसी पुस्तकावर बँकेचे नाव, आणि दरमहा हप्ता. काल किन्नर असलेला माणूस आज मालक झाल्याची उदाहरणे याच काळातली.

नंतर 1972 चा दुष्काळ आला. नगर जिल्ह्यातील जुन्या पिढीला त्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. रस्त्यांच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगा, सुकडी, आणि अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. जिथे आगगाडी पोहोचत नव्हती तिथे ते धान्य मालमोटारींनीच पोहोचवले. जनावरांसाठी कडबा आणि माणसांसाठी पाणीही चाकावरून आले. एरवी ज्या गाडीकडे भाड्याचे साधन म्हणून पाहिले जाई, तिची वाट त्या वर्षी माणसे चातकासारखी पाहत होती. चाकाच्या पुण्याचा हिशेब मांडायचा तर तो या वर्षापासून मांडावा लागेल.

परंतु हिशेबाला दुसरी बाजूही असते. मालमोटार आली तेव्हा बैलाच्या मानेवरचे जू उतरले, अतिभाराचा दोष संपला, असा युक्तिवाद करता येतो, आणि तो अगदीच खोटा नाही. पण ओझे नाहीसे झाले नव्हते. त्याने केवळ जागा बदलली होती. शंभर किलोचे पोते हमालाच्या पाठीवरूनच गाडीत चढत असे. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हा प्रश्न लावून धरला आणि 1969 च्या माथाडी कायद्याने या कष्टकऱ्यांना कायद्याचा आधार दिला. गाडीचेही तसेच. ‘बारा-दहा’ची योग्यता सात-आठ टन मालाची, तिच्यावर दहा-बारा टन चढवणे हे कित्येकांना व्यवहारचातुर्य वाटे. कागदावर एक वजन आणि आखावर दुसरे, ही सवय तिथूनच जडली.

अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात झालेल्या मोठ्या चाचण्यांतून एक गोष्ट पुढे आली: रस्त्याची झीज आखावरील वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे आखावर वीस टक्के वजन जास्त घातले तर झीज वीस टक्क्यांनी वाढत नाही, दुपटीला पोहोचते. दंड भरून जादा माल तसाच पुढे नेण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये बेकायदा ठरवली. जादा माल उतरवल्यावाचून गाडी पुढे जाता कामा नये, असा कायद्याचा अर्थ स्पष्ट केला. पुढे 2018 मध्ये केंद्र सरकारने दोन आखांच्या गाडीची मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टनांवर नेली. मर्यादा वाढली, मर्यादा पाळण्याची गरज मात्र तशीच राहिली.

आणि सर्वांत मोठा अतिभार चालकाच्या डोळ्यांवर आहे. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ तासांचे काम सांगितले होते. प्रत्यक्षात माल पाठवणारा ‘पहाटे पेठ उघडायच्या आत पोहोचला पाहिजे’ असे सांगतो आणि फोन ठेवतो. त्या एका वाक्याची किंमत चालक आपल्या झोपेतून भरतो.

आज मिरजगावचा रस्ता ओळखू येत नाही. चौपदरीकरणाने त्याचे रूप पालटले. नाकाच्या गाड्या भंगारात गेल्या. 1986 मध्ये आलेल्या ‘चारशे सात’ने गावाच्या बोळापर्यंत माल पोहोचवला आणि महामार्गावर दहा, बारा, चौदा चाकांचे कंटेनर धावू लागले. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला, राज्यांच्या सीमेवरची करतपासणीची नाकी उठली, आणि पुढच्या वर्षीपासून ई-वे बिलावर मालाचा प्रवास नोंदला जाऊ लागला. जुना हुंडेकरी ज्या नाक्यांची रक्कम ठोकून घेत असे, ती नाकीच राहिली नाहीत. 2022 मध्ये नगरहून आष्टीपर्यंत रेल्वेही गेली. मिरजगाव मात्र अजून रस्त्याचेच गाव आहे.

याच रस्त्याच्या कडेने, शेषकाळात, पहाटेच्या अंधुक उजेडात, साधू-साध्वींचा विहार चालतो. हातात रजोहरण, पायात काही नाही, आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांत लांबच लांब पडलेल्या सावल्या. विहारात वाहनाच्या धडकेने साधू-साध्वींचा अंत झाल्याच्या बातम्या समाजाने गेल्या काही वर्षांत वारंवार ऐकल्या आहेत. प्रत्येक वेळी शोकसभा होते, विहारसेवेचे तरुण परावर्तक जाकिटे घालून सोबत निघतात, आणि ते योग्यच आहे. परंतु धडकणारी गाडी कोणाचा तरी माल नेत असते, आणि तो माल कोणत्या वेळी, किती वजनाने, किती झोपलेल्या चालकाने न्यायचा हे एखाद्या पेढीवर बसून ठरलेले असते. ती पेढी जैन कुटुंबाची नसेलच असे कोण म्हणेल?

भाडीकर्माचा सर्वथा त्याग आजच्या व्यापाऱ्याला शक्य नाही, आणि आनंद श्रावकानेही गाड्या टाकल्या नव्हत्या, त्यांना मर्यादा घातली होती. तशी मर्यादा आजही घालता येते, आणि ती अवघड नाही. बिल्टीवरचे वजन आणि गाडीवरचे वजन एकच असावे. लांबच्या फेरीला दुसरा चालक द्यावा किंवा मुक्कामाचा वेळ भाड्यात धरावा. ‘पहाटेपर्यंत’ऐवजी ‘दुपारपर्यंत’ माल मिळाला तर चालेल, असे शब्द फोनवर उच्चारावेत. विहाराचा मार्ग ठाऊक असेल तेव्हा आपल्या चालकांना तो आधी कळवावा. संवत्सरीला पेढी बंद ठेवून सर्व जिवांची क्षमा मागणाऱ्याने वर्षाचे उरलेले दिवस एवढे केले, तर त्या क्षमायाचनेत तथ्य राहील.

नगर-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या जैन कुटुंबांनी मिरजगावला गाडी थोडी बाजूला घ्यावी. पेठेतून चालत एक फेरी मारावी. सुमारे एकशे दहा वर्षांपूर्वी इथल्याच धुळीत एका तेरा वर्षांच्या मुलाने अनवाणी पहिले पाऊल टाकले होते, हे मुलांना सांगावे. आणि याच गावाने दुष्काळात मालमोटारींची वाट पाहिली होती, हेही सांगावे. परत गाडीत बसल्यावर, पुढचा वेग किती ठेवायचा, हे मग मुलेच विचारतील.